दोषाचा रकाना

सार्विदींच्या रकान्यात एकही दोष निघाला नाही, आणि त्यामुळे ते नापास होणार होते.

ही बातमी त्यांना सोमवारी सकाळी कोडिंग शिकवणाऱ्या बांग परलिननं दिली. जावातल्या सालातिगा गावच्या बाजारात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर पाच महिन्यांत कोडिंग शिकवणारा वर्ग भरे. चौदा विद्यार्थी, सात टेबलं, सात संगणक. एका संगणकापुढे दोघांनी बसायचं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं बघत बघत सुचवायचं, आणि वीस मिनिटांनी गजर वाजला की जागा बदलायच्या. दर शुक्रवारी एक फॉर्म यायचा. त्यात जोडीदाराचा एक गुण लिहायचा आणि एक दोष.

गुणांना तोटा नव्हता. गुणांसाठी पुरवणी जोडली जाई. दोषाच्या रकान्यात मात्र तीन आठवडे 'सध्या नाही', 'शोध चालू आहे', 'उलट माझ्याच चुका फार' अशी उत्तरं येत होती. एकानं नुसतंच 'क्षमस्व' लिहिलं होतं.

बांग परलिन, म्हणजे परलिनदादा, सुमात्रातल्या तोबा सरोवराकडचा, बाताक जमातीचा माणूस. त्याच्या घरी भाताचं भांडं पुढं सरकवता सरकवता एकमेकांचे दोष सांगायची पद्धत होती आणि त्यावरून कुणी ताटावरून उठत नसे. जावात येऊन त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्याला कुणीही 'नाही' म्हणालं नव्हतं, आणि आताशा त्याला त्याची भीती वाटू लागली होती.

"बापाक," तो सार्विदींना वडीलधाऱ्याचा मान देत म्हणाला, "वेनिंगशी तुमची जोडी लावून तीन आठवडे झाले. तिनं तुमची एक चूक काढलेली नाही."

"नशीब माझं," सार्विदी म्हणाले.

"नशीब कसलं? उद्या कंपनीत तुमची चूक दाखवायला ती कचरली, तर ती चूक थेट लोकांपर्यंत जाईल. या शुक्रवारी तुमच्या रकान्यात एक खरा दोष हवा. नसेल तर पुढचा टप्पा विसरा."

"बरं. मी सांगतो तिला."

"सांगायचं नाही. मागून घेतलेला दोष मला वासावरून कळतो."

एवढं बोलून बांग परलिन शेजारच्या इमारतीत दुसरी तुकडी शिकवायला गेला. सकाळी तासभर शिकवायचं आणि मग चारपर्यंत मुलांना आपसांत शिकू द्यायचं, असा त्याचा शिरस्ता होता.

सार्विदी बावन्न वर्षांचे होते. त्यांपैकी सव्वीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. मग एक दिवस त्यांच्या जागी ध्वनिमुद्रित बाई आली. बाई परगावची होती. फलाट पाचच्या मध्यात खांब आहे, हे तिला ठाऊक नव्हतं आणि कळवायची सोय नव्हती. निरोपाच्या दिवशी सार्विदी सगळ्यांना म्हणाले होते, "मी येतो परत. फक्त दुसऱ्या दारानं." ते दुसरं दार म्हणजे हा वर्ग. पुढच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना जी कंपनी घेणार होती, तीच स्थानकावरचे वेळापत्रकाचे फलक आणि ती बाई चालवत होती. सार्विदींना त्या बाईच्या तोंडी खांब घालायचा होता. बाकी आयुष्याकडून त्यांची फारशी मागणी नव्हती.

घरी दोषांची ददात नव्हती. बायको सुलास्त्री रोज सकाळपासून पुरवत असे. पण ती फॉर्मवर नव्हती.

खरं तर एक दोष असा होता की तो आंधळ्यालाही दिसला असता, निदान ऐकू तरी आला असता. सार्विदी जे करत ते जाहीर करत, आणि दोनदा जाहीर करत. पहिल्यांदा लोकांना ऐकू येतं आणि दुसऱ्यांदा पटतं, हा स्थानकावरचा अनुभव होता. नोकरी गेल्यावर घरात "भात तयार आहे. भात तयार आहे. संबंधितांनी कृपया पानावर यावे," अशी घोषणा होऊ लागली. संबंधित एकटी सुलास्त्री होती आणि ती चार हातांवर उभी असायची. महिनाभर ऐकून तिनं वर्गाच्या प्रवेशाचा फॉर्म स्वतः भरला, सही सुद्धा केली.

वर्गातही तेच. "जर जागा रिकामी असेल तर. जर जागा रिकामी असेल तर. कंस उघडत आहे." आवाज खणखणीत होता, सहा टेबलांपलीकडे जाई आणि खाली दुकानातल्या गिऱ्हाइकालाही कंस उघडल्याचं कळे. पण तक्रार कुणी केली नाही. आणि वेनिंगनं करणं तर शक्यच नव्हतं. ती एकवीस वर्षांची होती. वडीलधाऱ्यांच्या पुढून जाताना इतकी वाकायची की पहिल्या आठवड्यात सार्विदींना वाटलं, हिचं काहीतरी खाली पडलंय.

तेव्हा चूक मुद्दाम करायची, असं सार्विदींनी ठरवलं. अशी करायची की पोरीला बोलल्यावाचून राहवणार नाही.

सगळ्या जोड्यांना बसच्या जागा आरक्षित करणारा प्रोग्राम दिलेला होता. सोमवारी स्वतःची पाळी आल्यावर सार्विदींनी घसा साफ केला आणि असं काही लिहिलं की कुणीही तिकीट काढलं तरी त्याला जागा क्रमांक तेराच मिळावी. तेही त्यांनी सवयीनं दोनदा जाहीर केलं. मग हात मांडीवर ठेवून ते वाट पाहत बसले.

वेनिंगनं पडद्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली.

"काय गं? काही बोलायचंय?"

"नाही बापाक. हो, असंही करता येतं."

"सगळे एकाच जागेवर बसले तर?"

"ओळखी होतील," वेनिंग म्हणाली.

पुढं तिची पाळी आली तेव्हा तिनं अवाक्षर न काढता अकरा ओळी घातल्या. तेरावर बसलेल्या प्रत्येकाला त्या अदबीनं उठवून रिकाम्या जागेवर नेत होत्या. सार्विदींची ओळ तिनं तशीच मानानं वर ठेवली.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती पाऊण तास उशिरा आली होती. कारणही सांगितलं नव्हतं. सार्विदींना आश्चर्य वाटलं, पण पोरीला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून तिच्या येण्याआधीच त्यांनी टेबलावरचं गजराचं घड्याळ पाऊण तास मागं केलं होतं. "अगदी वेळेवर आलीस," ते तिला म्हणाले. तिचा चेहरा पडल्यासारखा वाटला. रस्त्यात दमली असेल, असं त्यांनी धरलं.

मंगळवारी गजर वाजला तरी सार्विदींनी कीबोर्ड सोडला नाही. पाळी अडवणं म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा गुन्हा. वेनिंगनं हात पुढं केला, गजर बंद केला आणि घड्याळ दप्तरात ठेवून दिलं.

"पाळी तुझी आहे ना?"

"चालू द्या बापाक. ओघ तुटायला नको."

ओघ तीन तास वीस मिनिटं चालला. शेवटी सार्विदींची बोटं आखडून पंजा कोंबडीच्या पायासारखा झाला, तेव्हा वेनिंगनं हाताला चोळायच्या कायुपुतिह तेलाची बाटली उघडून पुढं ठेवली. मग पाणी प्यायला म्हणून ते उठले, तेवढ्यात तिनं ते सगळं काम पुसून टाकलं.

"चुकून पुसलं गेलं, बापाक," ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. असं बघायची तिची सवय नव्हती.

सार्विदींनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. "मलाही फारसं आवडलं नव्हतं ते." आणि जेवणाच्या सुट्टीत उपाशीपोटी त्यांनी ते सगळं पुन्हा लिहून काढलं.

बुधवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. तिचा डबा खाल्ला. भात, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, तिखट चटणी, सगळं, झाकणाला लागलेल्या दाण्यासह. वेनिंग समोर बसून बघत होती.

"छान होतं," सार्विदी म्हणाले. "मीठ जरा कमी."

"आईला सांगते."

तिनं त्यांना पाणी दिलं. पण डाव्या हातानं दिलं. सार्विदींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कुणी डाव्या हातानं काही दिलं नव्हतं. स्थानकावरचा वेडासुद्धा सुटे उजव्या हातानं मागायचा. आणि थोड्या वेळानं ती त्यांच्या पुढून ताठ चालत गेली. जराही न वाकता. बरोबर दोनदा गेली. पलीकडच्या टेबलावर टाइप करायचं थांबलं.

त्या संध्याकाळी सार्विदी बायकोला म्हणाले, "वेनिंगचा उजवा हात गेला बहुतेक. पाठही धरलीय."

"तुम्ही विचारलं नाही?"

"असं कसं विचारायचं?"

"मग उद्या बघायला जाऊ," सुलास्त्री म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी दोघं चांगले कपडे घालून निघाली. पिशवीत संत्री आणि खवल्यांच्या सालीचे सालाक होते. फाटक उघडलं तर बाहेर वेनिंग उभी. तिच्याही हातात पिशवी होती. तिच्यातही संत्री आणि सालाकच होते.

"अगोबाई," सुलास्त्री म्हणाली, "तू कुठं निघालीस अशा हातानं?"

"बापाकांना बघायला आले, इबू. कसं आहे आता?"

"काय कसं आहे?"

वेनिंगनं मान खाली घातली. "परवा तीन तास हात थांबत नव्हता. काल डबा... म्हणजे भूक लागणं चांगलंच असतं. माझ्या आजोबांनाही असंच सुरू झालं होतं."

सुलास्त्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं दोघांना आत नेलं, आल्याच्या गोड रोंदेचे गरम पेले समोर ठेवले आणि वेनिंगला उजवा हात वर करायला सांगितला. हात सहज वर गेला. वाकून दाखवायला सांगितलं. वेनिंग जमिनीपर्यंत वाकली.

"आता कुणीतरी खरं बोला," सुलास्त्री म्हणाली. "फळं संपवायचीत मला."

 मग सार्विदींनी परलिननं सांगितलेलं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकता ऐकता वेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मलाही सोमवारी त्यांनी हेच सांगितलं, बापाक. तुम्ही माझी एक चूक काढली नाहीत म्हणून मीही नापास. उशिरा आले, काम पुसलं, काही होईना. शेवटी डावा हात..." तिनं तो हात पाठीमागं लपवला. "घरी जाऊन तो हात सात वेळा धुतला मी."

सार्विदींनी पेला खाली ठेवला. तिच्या रकान्यात काय लिहायचं हा विचार आठवडाभरात त्यांच्या मनाला शिवला नव्हता. सवयीनं ते 'सगळं छान' लिहून मोकळे होणार होते.

"झालं तर मग," सुलास्त्री म्हणाली. "आता दोघांना ठाऊक आहे. सांगा एकमेकांना."

"तू सांग," सार्विदी म्हणाले.

"तुम्ही आधी. मोठ्यांचा मान."

"लहानांना आधी वाढतात."

"माझी जीभ झडेल, बापाक."

"अगं पोरी," सुलास्त्री म्हणाली, "हा माणूस सगळं ओरडून दोनदा बोलतो. तेवढं एक लिही. सव्वीस वर्षं मी ऐकतेय. स्थानकावरचं मला पूल ओलांडून ऐकू यायचं."

वेनिंगनं पेल्यात बघितलं. "आवाज फार सुंदर आहे, इबू," ती म्हणाली.

सुलास्त्रीनं दोन्ही पिशव्यांतले सालाक एका टोपलीत ओतले आणि ती सोलायला बसली. पेले रिकामे झाले तोवर ठरलं होतं की दोघांनी नापास व्हायचं, पण मानानं व्हायचं.

शुक्रवारी फॉर्मच्या आधी परलिन प्रत्येक टेबलावर जाऊन प्रोग्राम चालवून बघत होता. पहिल्या टेबलावर त्यानं पाच खोटे प्रवासी घातले. पाचही जणांना जागा क्रमांक तेरा मिळाली. "नीट बघा रे," म्हणून तो पुढं गेला. दुसऱ्या टेबलावर पाचही जण तेरावर. तिसऱ्या टेबलावर तेच. चौथ्या टेबलाशी त्याचा आवाज उतरला. सहा टेबलं झाली तेव्हा तेरा नंबरच्या जागेवर तीस माणसं बसली होती.

सातवं टेबल सार्विदींचं. तिथं पाच जण पाच जागांवर शहाण्यासारखे बसले.

परलिन पाचव्या टेबलाकडे परत गेला आणि तिथला प्रोग्राम एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागला. चाळिसाव्या ओळीवर तो थांबला. मग त्यानं शांतपणे वाचलं, "'वेनिंग, खिडकी लाव जरा, वारा येतोय. वेनिंग, खिडकी लाव जरा, वारा येतोय.' हे काय आहे?"

टेबलावरचा ताटाक नावाचा मुलगा उठला. "आम्हालाही नीटसं कळलं नाही, बांग. पण इतर सगळं चालत होतं, म्हणून ठेवलं."

परलिननं सातही टेबलांकडे पाहिलं, मग सार्विदींकडे पाहिलं. "म्हणजे तीन आठवडे सगळा वर्ग यांचं ऐकून लिहितोय. चोरी करताय?"

"चोरी कशी, बांग?" ताटाक दुखावून म्हणाला. "जाहीर होतं ते. दोनदा."

"आणि तेराची चूक कुणालाच दिसली नाही?"

"दिसली ना. सोमवारीच दिसली सगळ्यांना."

"मग?"

"बापाकांनी सांगितलेलं," ताटाक म्हणाला, "आपण कसं बदलायचं?"

परलिन जवळच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची नेमकी सार्विदींची होती, त्यामुळे सार्विदी उभे राहिले. "हेच म्हणत होतो मी," परलिन कुणाकडेही न बघता म्हणाला. "बारा जण गेले. फॉर्म भरा. दहा मिनिटं."

सार्विदी फॉर्म हातात घेऊन उभेच होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या आवाजामुळे एकही माणूस चुकीच्या गाडीत बसला नव्हता. आणि आज बारा पोरं एकाच जागेवर बसून नापास झाली होती, ती चूक मुद्दाम केलेली होती आणि केली होती त्यांनी. पहिल्यांदाच त्यांना वाटलं की हे सोमवारीच कुणीतरी थांबवायला हवं होतं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे शेजारीच बसलं होतं. त्यांनी लिहिलं: 'वेनिंग चूक दुरुस्त करते, पण सांगत नाही. सोमवारी बोलली असती तर बारा जण वाचले असते.' लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं. खाडाखोड करायला ते वाकले, पण परलिननं कागद ओढून घेऊन मोठ्यानं वाचलाही होता.

वेनिंगचा फॉर्म सगळ्यात शेवटी आला. त्यात आधी पाच ओळींची माफी होती. परलिननं ती सोडून पुढचं मोठ्यानं वाचलं: 'बापाक प्रत्येक ओळ मोठ्यानं दोनदा सांगतात.'

परलिननं तो कागद नाकाजवळ नेला, वास घेतला आणि मान डोलावली. मग त्यानं बाकीचे बारा कागद बघितले. बाराही रकाने भरलेले होते, आणि बाराही जणांनी आपल्या जोडीदाराबद्दल एकच दोष लिहिला होता: 'ऐकू येईल ते लिहितो.' एकीनं शेवटी 'आणि मीही' असं जोडलं होतं. त्याच्या चार वर्षांतले हे पहिले चौदा दोष होते. परलिन उठला, कागद नीट जुळवून त्यानं छातीशी धरले आणि म्हणाला, "तेराची ओळ सोमवारपर्यंत ज्यानं त्यानं आपापली दुरुस्त करायची. न ऐकता. मग सगळे पुढच्या टप्प्यात."

जिन्यात वेनिंगनं सार्विदींना गाठलं. ती अर्धी वाकलेली होती.

"राग आला का, बापाक?"

"थोडा," सार्विदी म्हणाले. ते स्वतःच चमकले. असं उत्तर त्यांनी कुणाला कधी दिलं नव्हतं. "तुला?"

"मलाही थोडा," वेनिंग म्हणाली. मग दोघं खाली उतरली, आणि ती त्यांच्या पुढं उतरली.

सार्विदी पायीच घरी गेले. मोठ्यानं, दोनदा, हे शब्द त्यांच्या डोक्यात घोळत होते. कुणाला तरी हे तीन आठवडे खुपत होतं. आणखी किती जणांना, किती वर्षं खुपलं असेल, याचा हिशेब त्यांनी पुलापाशी सोडून दिला.

"मिळाला का दोष?" सुलास्त्रीनं दारातच विचारलं.

"मिळाला."

"कुठला?"

"मी सगळं मोठ्यानं दोनदा बोलतो."

सुलास्त्रीनं हातातली कपड्यांची बादली खाली ठेवली. "आणि मी सव्वीस वर्षं काय सांगत होते?"

"तू लेखी दिलं नव्हतंस," सार्विदी म्हणाले.

त्या संध्याकाळी भात त्यांनीच लावला. सुलास्त्री मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. भात झाला तशी त्यांनी घसा साफ केला, मग विचार बदलला आणि साध्या आवाजात, एकदाच म्हटलं, "भात तयार आहे."

आणि ते पानावर जाऊन बसले.

सुलास्त्रीनं ते ऐकलं. तिनं एक चादर घडी घातली, मग दुसरी घातली. सगळे कपडे काढून झाले, चिमटे डब्यात गेले, तरी ती तारेपाशीच उभी होती. आत भातावरची वाफ विरली. सार्विदी समोरच्या रिकाम्या पानाकडे बघत बसले होते.

शेवटी ती दारात आली.

"अहो," ती म्हणाली, "पुढचं कधी सांगणार? मी तिथं ताटकळत उभी आहे केव्हाची."